‘समाज’ हा शब्द आठवडाभर वर्गाबाहेर ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. राजापूर-देवगड पट्ट्यातलं कॉलेज, द्वितीय वर्षाचा मराठीचा वर्ग, चाळीसेक मुलं, त्यांत मुली जास्त. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवायचं आहे आणि त्याच्या आधाराने ‘शोकांतिका आणि सामाजिक दबाव’ हा भाग पुरा करायचा आहे. नाटकातल्या बेणारे या अविवाहित, गरोदर शिक्षिकेवर तिच्याच नाटकमंडळीतले सोबती गमतीचा खटला चालवतात आणि तो तिच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो. बेणारेबाईंचं असं का झालं, हे विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो ‘नशीब’, उरलेला म्हणतो ‘तिचीच चूक’. दोन-तीन हुशार मुलं गाईडमधलं वाक्य म्हणतात: ‘समाजाने तिचा बळी घेतला.’ बाकीच्यांना या तिसऱ्या उत्तरापर्यंत कसं आणायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं म्हणणं, आणू नका. ते तिसरं उत्तरही पहिल्या दोघांइतकंच पोकळ आहे. नशीब, चूक, समाज हे तिन्ही शब्द नाटक न उघडता लिहिता येतात. मुलं बाईंच्या विरोधात आहेत ही खरी अडचण नाहीच. दबाव नाटकात नेमका कुठे आहे, कुणाच्या तोंडी आहे, कोणत्या क्षणी चढतो, हे त्यांनी पाहिलेलं नाही. ते एकदा दिसलं की मतं आपोआप हलतात, आणि नाही हलली तरी निदान ती नाटकाविषयीची मतं होतात.

म्हणून पहिला आठवडाभर एक नियम पाळा: वर्गात ‘समाज’ हा शब्द वापरायचा नाही, बोलताना नाही आणि वहीतही नाही. ‘समाजाने नाकारलं’ असं वाक्य आलं की विचारायचं: कोणी? कोणत्या अंकात? काय बोलून? मुलं लगेच ‘लोक’, ‘जग’, ‘परिस्थिती’ अशी चोरवाट काढतात. तीही बंद करायची. वाक्याच्या कर्त्याच्या जागी काशीकर, सुखात्मे, पोंक्षे असं कुणाचं तरी नाव यायला हवं. दोन दिवस वर्ग वैतागतो, तिसऱ्या दिवशी पुस्तकं उघडतात.

पुढे जे सांगतो त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बारा तास हातात आहेत असं धरून मी आखणी देतो. आठच असतील तर वाचन अर्धं करावं लागेल आणि मग यातला निम्मा जोर जाईल. मोठ्याने वाचायला मुलं किती तयार आहेत, त्यावरही काही गोष्टी ठरतील. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकाच वाडीतली, एकाच भावकीतली किती मुलं एका बाकावर बसतात ते. त्याबद्दल पुढे.

बारा तासांची वाटणी अशी. पहिला तास कोऱ्या पाटीचा: सिद्धांत नाही, लेखकपरिचय नाही, फक्त नाटकातली माणसं आणि ती गावातल्या त्या सभागृहात का आली आहेत एवढंच. मग सहा तास वाचन, प्रत्येक अंकाला दोन. ४८ मिनिटांचा तास धरला तर ही २८८ मिनिटं होतात. थांबत, प्रश्न घेत वाचायला तेवढी पुरतात. त्यानंतर दोन तास नोंदींचे, एक शोकांतिकेच्या संकल्पनेचा, एक तुलनेचा, शेवटचा लेखनाचा. संकल्पना शेवटाकडे ठेवली आहे ती मुद्दाम. अ‍ॅरिस्टॉटल पहिल्या दिवशी आणला की मुलं पुढचे अकरा तास नाटकात त्याची उदाहरणं शोधत बसतात, नाटक राहून जातं. आणखी एक: दुसरा आणि तिसरा अंक यांच्यामध्ये गणपतीची सुट्टी येऊ देऊ नका. सुट्टीनंतर निम्मी मुलं आरत्या-भजनांनी बसलेला घसा घेऊन येतात आणि चढत आणलेला ताण पुन्हा शून्यापासून उभा करावा लागतो.

वाचन कसं करायचं ते नीट सांगतो, कारण बिघडतं ते इथेच. रंगमंचावर मुख्य माणसं आठ आहेत: बेणारे, सामंत, सुखात्मे, काशीकर, मिसेस काशीकर, बाळू रोकडे, पोंक्षे, कर्णिक. बाकं भिंतीला लावून वर्ग गोल बसवा, वाचणारे मध्ये. बेणारेची भूमिका एकाच मुलीला देऊ नका. दर चार-पाच पानांनी वाचक बदला आणि मुलग्यांनाही ती वाचायला लावा. एकाच मुलीने सगळं वाचलं की तिसऱ्या अंकानंतर कॅन्टीनमध्ये तिला ‘बेणारे’ म्हणतात. गंमत म्हणूनच म्हणतात, पण नाटकातली मंडळीही गंमत म्हणूनच सुरुवात करतात.

वाचन चालू असताना तुम्ही हातात पेन्सिल ठेवा. वर्ग जिथे जिथे हसेल, तिथे तुमच्या प्रतीत समासात खूण करा. कुणाला सांगू नका, कुणाला दटावू नका. पहिल्या अंकात आणि दुसऱ्याच्या बऱ्याच भागात मुलं खळखळून हसतात. हसायलाच हवं, कारण तेंडुलकरांनी ते तसंच रचलं आहे. संध्याकाळच्या प्रयोगाआधी वेळ काढायला आणि गावातल्या नवख्या सामंताला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून खोटा खटला सुरू होतो. आरोपी कोण, तर बेणारे. आरोप कोणता, तर भ्रूणहत्या. सगळे हसतात आणि प्रेक्षकही हसतो. तिसरा अंक संपल्यावर मुलांना त्या खुणा दाखवा आणि तीच वाक्यं पुन्हा वाचून घ्या. त्याच ओळींवर आता वर्ग गप्प असतो. त्या गप्पपणावर भाषण करायचा मोह होईल, तो टाळा. ‘या ओळीत आधी काय विनोदी वाटलं होतं?’ एवढं विचारा आणि दोन मिनिटं थांबा.

आता नोंदींचे दोन तास. चाळीस मुलं, आठ पात्रं, म्हणजे पाच-पाचांचे आठ गट. प्रत्येक गटाला एक पात्र आणि एक मोठा कागद, त्यावर चार रकाने. पहिल्यात वाक्य, पानाच्या क्रमांकासह. दुसऱ्यात सूर: थट्टा, काळजी, टोमणा, उपदेश की कायदा. तिसऱ्यात, हे बोलून बोलणाऱ्याने स्वतःची कोणती उणीव झाकली. चौथ्यात, बेणारेने त्यावर काय केलं: हसली, विषय बदलला, चिडली, गप्प झाली. बेणारेच्या गटाने फक्त चौथा रकाना भरायचा, संपूर्ण नाटकाचा. गटाला पंधरा ते वीस नोंदी पुरेत.

खरं काम तिसऱ्या रकान्यात होतं. सुखात्मे वकील आहे, पण त्याच्याकडे अशिलं फिरकत नाहीत. पोंक्षे स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवतो आणि इंटर नापास आहे. काशीकर दांपत्याला मूल नाही. मिसेस काशीकरांना नवरा चार माणसांत बोलू देत नाही. त्यांना आवाज फुटतो तो बेणारेविरुद्ध. रोकडे काशीकरांच्या घरी वाढलेला, त्यांच्या उपकाराखाली दबलेला. म्हणजे दबाव आणणारी ही सगळी माणसं स्वतः दबलेली आहेत. हे मुलांना तुम्ही सांगू नका. आठ कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावा, तिसरा रकाना सलग वाचायला सांगा. पाच मिनिटांत कुणीतरी बोलतं.

दुसऱ्या रकान्यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. सुरुवातीला थट्टेच्या नोंदी दाट असतात. शेवटाकडे थट्टा विरत जाते आणि उपदेश व कायदा उरतो. दबाव चढतो म्हणजे आवाज वाढतो असं मुलांना वाटत असतं. इथे तो सूर बदलत चढतो. आणि सामंताच्या नोंदी पाहा. सगळ्यांत निरागस माणूस तो. साक्ष द्यायला सांगितली म्हणून तो वाचत असलेल्या कादंबरीतलं काहीतरी रचून बोलतो, आणि नेमकं तेच बेणारेला सर्वांत खोल लागतं. दुष्ट हेतूशिवायही दबाव काम करतो, हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मराठीचा वर्ग आहे, तर व्याकरण वाया का घालवायचं? मुलांना भावे प्रयोगाची वाक्यं शोधायला सांगा. ‘मुलीनं असं वागू नये’, ‘बाईमाणसानं चार माणसांत मोठ्यानं हसू नये’ ही घराघरांतली वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा: हे कोण म्हणतंय? वाक्यात सांगणारा नाही. ‘असं म्हणतात’ या दोन शब्दांत तर कर्ताच गुल. आपल्या भाषेत दबाव बहुतेक वेळा असा बिनकर्त्याचा येतो, म्हणून तो कुणाचाच वाटत नाही. त्यानंतर काशीकरांची पाच-सहा वाक्यं मुलांना घरच्या बोलीत करायला लावा. दक्षिणेकडच्या मुलांच्या तोंडून ‘लोकां काय म्हणतली?’ आलं की प्रमाणभाषेतलं ते दूरचं कोर्ट एकदम पडवीत येऊन बसतं.

तिसऱ्या अंकातली एक जागा बहुतेक वर्गांत निसटते, तिला अर्धा तास द्या. बेणारेचं ते प्रसिद्ध दीर्घ स्वगत. मुलं लिहितात, ‘शेवटी ती निर्भीडपणे आपली बाजू मांडते.’ मांडत नाही. न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. ती जे बोलते ते बोलताना बाकी सगळे जागच्या जागी थिजलेले आहेत. कुणीही ते ऐकत नाही. स्वगत संपतं, माणसं पुन्हा हलू लागतात आणि तिची वेळ संपलेली असते. वर्गात घड्याळ लावून दहा सेकंद शांतता पाळा, मग स्वगत वाचायला सुरुवात करा. दोन काळांतला फरक कानाला कळतो. याच ओघात सुखात्मेकडेही बोट दाखवा: फिर्यादीचा वकील तोच आणि बचावाचाही तोच. आणि तिच्या पोटातल्या मुलाचा बाप, प्राध्यापक दामले? नाटकभर त्याचं नाव घेतलं जातं, तो येत नाही, आणि निकाल त्याला शिवतही नाही. ‘कोणाला एकही प्रश्न विचारला गेला नाही?’ असा प्रश्न परीक्षेत नसतो, पण वर्गात जरूर घाला.

एक गोष्ट मात्र करू नका, कितीही रंगतदार वाटली तरी. ‘बेणारे दोषी की निर्दोष’ असा वादविवाद किंवा वर्गातच खटला. हा उपक्रम फार लोकप्रिय आहे आणि नाटकाच्या नेमका विरुद्ध आहे. नाटक सांगतं की हा खटला चालायलाच नको होता, आणि आपण तोच पुन्हा चालवतो, वर गुण देतो. वाद घालायचाच तर ‘हा खेळ कोणत्या क्षणी थांबवता आला असता, आणि तो कोण थांबवू शकत होतं’ यावर घाला. कर्णिक? सामंत? दार बाहेरून अडकलं त्या क्षणी कोण काय करू शकलं असतं? यात पान-क्रमांकानिशी बोलावं लागतं, चारित्र्यावर घसरता येत नाही.

आता भावकीचं. आपल्याकडे दबाव समजावायला उदाहरणं शोधत बाहेर जावं लागत नाही. गावकी, मानपान, वाळीत टाकणं. शिमग्यात पालखी सगळ्या वाडीत फिरते आणि एका दारावरून पुढे जाते. मुलांना हे तुमच्याआधी माहीत असतं. पण म्हणूनच ‘तुमच्या गावातलं उदाहरण सांगा’ असं कधीही म्हणू नका. ज्या घरावरून पालखी पुढे गेली त्या घरातली मुलगी तिसऱ्या बाकावर असते आणि ज्यांनी ती नेली त्यांचा मुलगा पाचव्या. पाचच्या गाडीत ती दोघं एकत्र घरी जातात. स्थानिक घटनेचं नाव न घेता पद्धतीबद्दल बोलता येतं: बहिष्कारात कुणी काही करत नाही, करायचं ते थांबवतं. बोलणं थांबतं, आमंत्रण थांबतं. नोंदींच्या कागदावर अशा ‘न घडलेल्या’ गोष्टींसाठी एक ओळ ठेवा. कुणी विचारलंच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली विधिमंडळात संमत झाला आणि २०१७ पासून लागू आहे, एवढी माहिती द्या आणि नाटकाकडे परत या.

संकल्पनेच्या तासाला दोनच गोष्टी पुरे. पहिली, शब्द. शेवट दुःखद तो शोकांतिका, असं मुलं धरून चालतात. मग अपघातात नायक मेला तरी शोकांतिका. ‘शोकात्मिका’ हा पर्यायी शब्द इथे कामाला येतो: शोक शेवटाला चिकटवलेला नसतो, आत्म्यातच असतो. बेणारे शेवटी मरते की नाही यावर मुलं तासभर भांडू शकतात, त्याने फारसा फरक पडत नाही. हे नाटक शोकात्मिका मानावं का यावरही दुमत होऊ शकतं. विद्यार्थ्याने कोणतीही बाजू घ्यावी, आधार द्यावा. दुसरी गोष्ट, अ‍ॅरिस्टॉटलची हॅमार्शिया. गाईडं तिचं भाषांतर ‘स्वभावदोष’ करतात आणि मग ‘चूक तिचीच’ म्हणणाऱ्यांना ग्रीक प्रमाणपत्र मिळतं. मूळ शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. बाण मारणारा वाईट नसतो, लक्ष्य हुकतं. बेणारे नियमांना हसते, मोकळी वागते, पण मुलाला बापाचं नाव मिळावं म्हणून पोंक्षेला, रोकडेला लग्नाबद्दल विचारते. ज्या नियमाला ती हसली तोच तिला हवा आहे, कारण त्याशिवाय मूल जगू देणार नाहीत हे तिला ठाऊक आहे. चिरडणाऱ्या आणि चिरडल्या जाणाऱ्याच्या मनात एकच मूल्य असतं. माझ्या मते शोकात्मिकेची गाठ इथे आहे, तास कमी पडला तर बाकी सोडा आणि ही सोडवा.

तुलनेला गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी लग्नाचा, दबाव शारदेवर तितकाच, लोभी बापाचा, दलालाचा. पण शेवट सुखाचा. का? दयेने नाही. वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून लग्न मोडतं. एक नियम दुसऱ्या नियमाला कापतो, मुलीचं म्हणणं तिथेही कुणी ऐकत नाही. आपल्या मुलांनी दशावतार पाहिलेला असतो. सतीची परीक्षा रात्रभर चालते आणि शेवटी देव धावून येतो. तेव्हा फळ्यावर तीन नावं लिहून एकच प्रश्न विचारा: कोण सोडवतं? दशावतारात देव, शारदेला गोत्र, बेणारेला कुणीच नाही. (जाता जाता: बालविवाह रोखणारा १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून आलेला नाही. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास असते.)

आणि ‘समाज’ हा शब्द परत केव्हा आणायचा? राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ (१९१९) घेतल्यावर. त्यातल्या सिंधूच्या, दारुड्या सुधाकराच्या बायकोच्या, बाबतीत पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहतो. नवऱ्याजवळच राहा असं तिला बजावणारा कुणी समोर उभा नाही. उलट भाऊ तिला माहेरी न्यायला तयार आहे. ती जात नाही. सुधाकराच्या हातून मूल गेल्यावरही ती त्यालाच वाचवते. इथे मुलं अडतात, वाक्य कुणाच्या नावावर लिहायचं ते कळत नाही. त्या क्षणी शब्द परत द्या. बोलणारा कुणी उरलेला नाही, सगळं आतून बोललं जातं आहे, त्याला आता समाज म्हणा. आधी बंदी घातलेली असल्याने मुलं तो जपून वापरतात.

लेखनाच्या तासाला दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘समाजाच्या दबावामुळे बेणारेचा बळी गेला.’ आणि: ‘स्वतःच्या घरात बोलायची मुभा नसलेल्या मिसेस काशीकर बेणारेला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढतात, तेव्हा थट्टेचा खटला खरा होतो.’ दहा गुणांच्या उत्तरात दुसऱ्या धर्तीची चार वाक्यं, त्यांना जोडणारा एक मुद्दा, आणि व्याख्येला तीन ओळींपेक्षा जास्त जागा नको. तपासताना ‘समाज’ शब्दाखाली रेघ मारा. शेजारी कुणाचं नाव नसेल तर अर्धा गुण कापा. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर अन्याय होईल.

शेवटचा मुद्दा व्यावहारिक, पण टाळू नका. या नाटकांत आत्महत्येचे उल्लेख आहेत. तिसऱ्या अंकाच्या आदल्या दिवशी वर्गाला तशी कल्पना द्या, कुणाला बाहेर बसायचं असेल तर कारण विचारू नका, पद्धतीच्या तपशिलावर चर्चा नेऊ नका आणि ‘मरण हीच तिची सुटका’ असं वाक्य उत्तरात आलं तर त्या मुलाशी एकट्याने बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पूर्ण आठवडा, काही न बोलता. आणि तो तास दिवसाचा शेवटचा ठेवू नका. नाटक संपतं, घंटा होते आणि मुलं गाडी पकडायला धावतात. कुणाला काही बोलायचं असेल तर ते बोलायला मधली सुट्टी समोर असलेली बरी.